न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी : एका घराण्याने जपलेले कागद



मुंबईच्या बोरीबंदर स्थानकासमोर अंजुमन-ए-इस्लामची भव्य वास्तू उभी आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल, आणि काहींचे वाडवडील तेथे शिकलेही असतील. ही संस्था ज्यांनी उभी केली त्यांत मरहूम जस्टिस बदरुद्दीन तय्यबजी यांचे नाव अग्रभागी आहे. ते मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. इतकी माहिती शाळकरी मुलांनाही असते. पण एवढ्यावरून माणूस कळत नाही. आपल्याच समाजातील वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला तेव्हा त्यांनी काय लिहिले? जाहीर सभेत ठामपणे बोलणाऱ्या या गृहस्थाच्या मनात कधी शंका आली होती काय? या प्रश्नांची उत्तरे पुतळ्याखालच्या पाटीवर मिळत नाहीत, ती खाजगी पत्रांतून मिळतात. तय्यबजी घराण्याने ही पत्रे रद्दीत घातली नाहीत, म्हणून आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना पाहावयास मिळतात. या लेखात बदरुद्दीन साहेबांचे चरित्र आपण त्या कागदांच्या आधाराने पाहू या.

प्रथम त्यांच्या वडिलांकडे वळले पाहिजे, कारण लिहून ठेवण्याची सवय तेथूनच आलेली दिसते. मुल्ला तय्यबअली भाईमियाँ हे सुलेमानी बोहरा जमातीचे. घराण्याचे मूळ खंबायतचे. तय्यबअलींचा जन्म १८०३ सालचा. लहान व्यापारापासून सुरुवात करून ते स्वकष्टाने मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणले जाऊ लागले. या गृहस्थांनी आपल्या आयुष्याची हकिकत स्वतः लिहून ठेवली. १८६३ साली ते वारले, पण ती हकिकत घरात राहिली. शंभर वर्षांनंतर, इस्लामी कायद्याचे विख्यात पंडित असफ अली असगर फैजी यांनी ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केली. जरा विचार करा. एक व्यापारी दुकानाचा हिशेब लिहिता लिहिता आयुष्याचाही हिशेब लिहितो, आणि तीन पिढ्या तो कागद सांभाळतात. घराण्याची श्रीमंती नुसती तिजोरीत नसते, ती ही अशीही असते.

तय्यबअलींची दूरदृष्टी आणखी एका गोष्टीत दिसते. इंग्रजी शिकला की मुलगा दीनाला मुकला, असे आपल्या समाजात सर्रास मानले जात असताना त्यांनी आपली मुले विलायतेस धाडली. थोरले कमरुद्दीन १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. ही सनद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचे धाकटे बंधू बदरुद्दीन यांचा जन्म मुंबईत १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. दादा मखबा यांच्या मदरशात ते उर्दू आणि फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. विद्यार्थी मित्रांनो, येथे लक्ष द्या : आधी मदरसा, मग इंग्रजी शाळा. एकाने दुसऱ्याचा रस्ता अडवला नाही.

बदरुद्दीन यांचे डोळे लहानपणापासून अधू होते. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेण्यात आले. १८६० साली ते लंडनला शिक्षणासाठी गेले. बरोबर वडिलांनी मिळवून दिलेले ओळखपत्र होते, हिंदुस्थानचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांच्या नावाचे. परक्या मुलखात सोळा वर्षांच्या मुलाला तेवढ्या एका पत्राचा केवढा आधार वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १८६३ मध्ये ते मिडल टेंपलमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले. त्याच वर्षी वडील वारले. पुढच्या वर्षी डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. दुसरा कोणी असता तर घरच्या पेढीवर बसला असता. बदरुद्दीन यांचे १८६५ साली राहतुन्नफ्स यांच्याशी लग्न झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि वर्ष संपण्यापूर्वी मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. त्या दिवसापर्यंत तेथे एकही भारतीय बॅरिस्टर नव्हता.

वकिलीत नाव झाल्यावर ते सार्वजनिक कामात पडले. १८७३ मध्ये मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवडून आले. विद्यापीठाच्या सिनेटवर, पुढे १८८२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते गेले. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान असे हे त्रिकूट मुंबईत त्या काळी एकत्रच ओळखले जाई.

पण आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम शिक्षणाचे. १८७४ साली कमरुद्दीन, बदरुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. पहिली शाळा १८८० मध्ये उघडली. आज ज्या वास्तूचा आपणास अभिमान वाटतो तिची कोनशिला १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी बसवली, आणि १८९३ मध्ये लॉर्ड हॅरिस यांनी तिचे उद्घाटन केले. स्थापनेपासून पक्की वास्तू उभी राहीपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली. संस्था कशा वाढतात हे आपल्यापैकी ज्यांनी वर्गणीसाठी दारोदार फिरून पाहिले आहे त्यांना या वीस वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता त्या पत्रांकडे येऊ.

१८८७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले आणि बदरुद्दीन साहेब त्याचे अध्यक्ष झाले. नेमक्या त्याच दिवसांत अलीगढच्या कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांनी लखनौच्या सभेत काँग्रेसविरुद्ध भाषण केले. एकाच समाजाचे दोन हितचिंतक, दोघेही शिक्षणाचे कैवारी, पण राजकारणात दोघांच्या वाटा विरुद्ध झाल्या. १८८८ च्या आरंभी दोघांत पत्रव्यवहार झाला. सर सय्यद यांनी लिहिले की, बदरुद्दीन यांनी काँग्रेसमध्ये पुढाकार घेतल्याने आपणांस दुःख झाले आहे. या देशात अनेक जमाती असताना एखाद्या सभेला राष्ट्रीय कसे म्हणावे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बदरुद्दीन साहेबांनी १८ फेब्रुवारी १८८८ रोजी सविस्तर उत्तर पाठवले. त्याचा आशय असा की, देशात अनेक जमाती आहेत आणि प्रत्येकीचे काही प्रश्न निराळे आहेत हे मलाही मान्य आहे. पण जे प्रश्न सर्वांचे मिळून आहेत त्यांपुरते एकत्र बसण्यास काय हरकत आहे? एखादा ठराव मुसलमानांना एकमुखाने अमान्य असेल तर तो चर्चेला घेऊ नये, असा नियम आपण करून घेऊ. बाहेर राहून तक्रार करण्यापेक्षा आत राहून आपले हित जपणे बरे.

तशाच आशयाचे पत्र त्यांनी कलकत्त्याचे सय्यद अमीर अली यांनाही लिहिले. अमीर अली मुसलमानांची स्वतंत्र परिषद भरवू पाहत होते आणि तिला बदरुद्दीन यांनी यावे अशी त्यांची इच्छा होती. काँग्रेसला शह देण्यासाठी परिषद भरणार असेल तर आपला तिला पाठिंबा नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता कळवले.

या पत्रव्यवहारात आपण शिकण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे अदब. मतभेद कडवा होता, वर्तमानपत्रांतूनही वाद रंगला होता, पण पत्रांत समोरच्याच्या हेतूबद्दल संशय नाही आणि वय व कार्य यांचा मान सुटलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बदरुद्दीन साहेबांनी प्रथम समोरच्याचे म्हणणे नीट मांडले, त्यातले जे पटले ते कबूल केले, आणि नंतर आपला मुद्दा मांडला. आपल्या शाळांतील वक्तृत्व स्पर्धांत भाग घेणाऱ्या मुलामुलींनी ही रीत आत्मसात करण्यासारखी आहे.

परंतु याहून महत्त्वाचे पत्र पुढेच आहे. २७ ऑक्टोबर १८८८ रोजी बदरुद्दीन साहेबांनी काँग्रेसचे सरचिटणीस ह्यूम यांना एक खाजगी पत्र धाडले. वर्षभर त्यांनी समाजबांधवांची मने वळवण्याचा प्रयत्न केला होता आणि यश फारसे आले नव्हते. तेव्हा त्यांनी ह्यूम यांना कळवले की, बहुसंख्य मुसलमान विरोधात असतील तर चळवळीला सर्व देशाची चळवळ म्हणवून घेता येणार नाही. म्हणून अलाहाबादचे येते अधिवेशन झाल्यावर काँग्रेस निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी, तेवढ्या काळात सर्वांना शांतपणे विचार करता येईल. ह्यूम यांना ही सूचना मानवली नाही. काँग्रेस चालू राहिली. मात्र एखाद्या ठरावाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमताने विरोध असेल तर तो सोडून द्यावा, हा नियम १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात मंजूर झाला.

बंधुभगिनींनो, हे पत्र गौरवग्रंथात शोभणारे नाही. काँग्रेसच्या माजी अध्यक्षानेच काँग्रेस थांबवा म्हणावे, हे कित्येकांना अडचणीचे वाटेल. घराण्यातील एखाद्या माणसाला सहज वाटू शकले असते की वडिलांची ही दुर्बळता जगाला कशाला दाखवावी, कागद फाडून टाकावा. पण तो कागद राहिला. पुत्र हुसेन तय्यबजी यांनी वडिलांचे चरित्र लिहिले आणि ते १९५२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या इतिहासकारांनी ही पत्रे मूळातून वाचली. त्यामुळे आपणांस बदरुद्दीन साहेब पुरते कळतात. त्यांना ना काँग्रेसचा मोह होता, ना समाजाच्या टाळ्यांचा. समाज मागे राहिला आणि आपण एकटे पुढे गेलो, तर त्याला पुढारीपण म्हणावे काय, ही चिंता त्यांना जाळत होती. ज्याला अशी चिंता कधी वाटलीच नाही तो पुढारी कसला? हे पत्र नष्ट झाले असते तर त्यांची कीर्ती डागाशिवाय राहिली असती, पण त्यांचे काळीज आपणांस कधीच दिसले नसते.

१८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. महाराष्ट्राने विसरू नये असा एक प्रसंग त्यानंतर दोनच वर्षांत घडला. जुलै १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टातही पहिला अर्ज फेटाळला गेला. खटला सेशनकडे गेल्यावर अर्ज न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे आला आणि ४ ऑगस्ट रोजी त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांचे आणि त्यांचे राजकारण एक नव्हते. पण न्यायासनावर बसल्यावर त्यांनी समोर आरोपी पाहिला आणि कायदा पाहिला, बाकी काही पाहिले नाही. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणूनही काम केले.

सर सय्यद १८९८ साली वारले. त्यांनीच सुरू केलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अधिवेशन १९०३ मध्ये मुंबईत भरले आणि अध्यक्षस्थान बदरुद्दीन साहेबांनी स्वीकारले. राजकारणातील जुने मत त्यांनी बदलले नव्हते. शिक्षणाच्या कामात मात्र तो वाद आडवा येऊ दिला नाही. स्त्रीशिक्षणाचा त्यांचा आग्रह केवळ व्याख्यानापुरता नव्हता. आपल्या मुलींना त्यांनी मुंबईत शिकवले, आणि १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडमध्ये हॅसलमिअर येथील शाळेत पाठवले. वडिलांनी मुलग्यांना जे दिले ते त्यांनी मुलींनाही दिले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये लंडन मुक्कामी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आता या घराण्याची आणखी एक रीत सांगतो, ती माताभगिनींनी विशेष ऐकावी. तय्यबजी आणि त्यांच्या आप्तांच्या घरांतून मोठ्या बांधणीच्या वह्या ठेवलेल्या असत. त्यांना ते अखबार म्हणत. घरातले कोणीही त्यात लिहावे, पुरुषांनी, स्त्रियांनी, मुलांनी आणि पाहुण्यांनीसुद्धा. कोणाचा जन्म झाला, कोण आजारी पडले, कोण प्रवासाला निघाले, कोणत्या विषयावर वादविवाद झाला, सारे त्यात लिहिले जाई. या घराण्याची जुनी बोली गुजराती, पण त्यांनी उर्दू घरात आणली होती, म्हणून या वह्यांतील पुष्कळसे लिखाण उर्दूत आहे. आज मुंबईच्या मुस्लिम समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांना या वह्या म्हणजे खजिना वाटतो. सरकारी दप्तरात त्या काळच्या मुस्लिम बाईचा आवाज क्वचितच सापडतो. या वह्यांत तो तिच्या स्वतःच्या अक्षरात सापडतो.

आपण म्हणाल, ते तय्यबजी होते, मोठे लोक, आमच्या घरी काय आहे? थोडे आठवून पाहा. रत्नागिरी, रायगडच्या किती घरांत जहाजावर नोकरी करणाऱ्या आजोबांची पत्रे असतील! आखातात गेलेल्या वडिलांनी दर पंधरवड्याला धाडलेली हवाई पत्रे असतील. निकाहनामे, जमिनीचे मोडीतले कागद, शाळेचे दाखले, मदरशाच्या वर्गणीच्या पावत्या, हजला जातानाचे फोटो असतील. कोकणातून माणसे समुद्रापार का गेली, पाठवलेल्या पैशांतून कोणाचे शिक्षण झाले, मागे राहिलेल्या बायकांनी घरे कशी चालवली, हा इतिहास त्या पेटाऱ्यांतच आहे. तो दुसरीकडे कोठेही लिहिलेला नाही.

आणि हे कागद वेगाने नाहीसे होत आहेत. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकली, आजोबांचे उर्दू अक्षर घरात कोणाला वाचता येत नाही. मोडी वाचणारे तर त्याहून थोडे. ज्याला वाचता येत नाही त्याला तो कागद रद्दीच वाटतो. घराची दुरुस्ती निघते, पेटी बाहेर येते, वाळवीने खाल्लेला भाग पाहून सगळेच फेकले जाते. मोबाईलवरचे निरोप तर फोन बदलला की गेलेच.

म्हणून काही साध्या सूचना करतो. जुने कागद पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून सावलीत हवा लागू द्यावी, कडक उन्हात ठेवू नयेत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडण्यापेक्षा स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात बांधावेत. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांनी ती डाग सोडते आणि अक्षरही घेऊन जाते. त्याच कारणाने कागद लॅमिनेट करू नयेत. टाचण्या गंजतात, त्या अलगद काढाव्यात. फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, नाते, गाव आणि साल लिहावे, कारण ती माहिती सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही. मोबाईलने प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो घ्यावा, पण फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकू नये. ज्यांच्याकडे महत्त्वाचा मोठा संग्रह असेल त्यांनी अभिलेखागारांशी बोलावे. मुंबईत सरकारी दप्तरखाना १८२१ सालीच स्थापन झाला, राज्याचे पुराभिलेख खाते त्याचाच वारसा चालवते. आणि संग्रह देताना अडचणीचे कागद तेवढे बाजूला काढून ठेवू नयेत. तय्यबजींनी काढले नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर यात एक खास काम आहे. आजीजवळ बसा, पेटीतले एक पत्र उघडा, उर्दू शिकवणाऱ्या सरांकडून किंवा बाईंकडून ते वाचून घ्या आणि मराठीत उतरवा. एका सुट्टीत एक पत्र झाले तरी पुष्कळ झाले. जमल्यास घरात एक वहीही सुरू करा, तिला अखबार म्हणा किंवा दुसरे काही नाव द्या, आणि आईला, बहिणीला तीत लिहू द्या.

शेवटी एक गोष्ट सांगतो. बदरुद्दीन साहेबांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्यांचे पुत्र फैज यांना मुलगा झाला. त्याला आजोबांचेच नाव ठेवले गेले. हे दुसरे बदरुद्दीन तय्यबजी स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत मोठ्या हुद्द्यांवर राहिले, आणि १९६२ ते १९६५ या काळात एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ते विद्यापीठ म्हणजे अलीगढ, सर सय्यद यांचे. १८८८ साली ज्या दोन वडीलधाऱ्यांनी एकमेकांना विरोधाची पत्रे लिहिली, त्यांपैकी एकाची विद्येची वास्तू दुसऱ्याच्या नातवाच्या हाती सोपवली गेली. अदब राखून केलेला मतभेद पुढच्या पिढ्यांचे दरवाजे बंद करत नाही. हे आपण आज खात्रीने सांगू शकतो, कारण ती पत्रे कोणीतरी जपली.